आमची तीन तारांची शिकवणी

उतारवयात मनुष्याने काय शिकावे, ह्याविषयी आपल्या समाजाचे मत पुरेसे स्पष्ट आहे. गीतेचे दोनचार अध्याय पाठ करावेत, राहून गेलेले ग्रंथ वाचावेत, फार तर घरातील मुलांना जवळ घेऊन पाढे म्हणवून घ्यावेत. एखाद्या निवृत्त गणितशिक्षकाने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी गिटार मांडीवर घ्यावी आणि ती अतिद्रुत लयीत वाजविण्याची एक परदेशी रीत शिकावयास बसावे, ही गोष्ट ह्या यादीत कोठेच बसत नाही. तथापि गेल्या पावसाळ्यात आम्ही नेमके तेच केले. ते का केले, त्यात आमची फजिती कशी झाली आणि अखेर पदरात काय पडले, हे सांगण्याचा आज विचार आहे. वाचकांनी वाटेत हसावे. परंतु शेवटपर्यंत सोबत करावी, एवढीच विनंती.

आमचे घर मालवणास आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौले, पुढे ओटी आणि मागे पडवी असे ते जुन्या वळणाचे घर. आषाढात पावसाची झड लागली म्हणजे समोरचा सिंधुदुर्ग दिवसच्या दिवस दिसेनासा होतो, होड्या किनाऱ्यावर झापांखाली निजतात आणि माणसे घरात कोंडली जातात. घरात आमच्या शहाऐंशी वर्षांच्या मातोश्री, दिवंगत थोरल्या बंधूंच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, सौ. आणि आम्ही. धाकटे बंधू बदलीच्या नोकरीत. म्हणून त्यांचा मुलगा शिक्षणासाठी आठवीपासून बारावीपर्यंत आमच्याकडे होता. घरात त्याला सगळे बाळ म्हणतात. पुढे तो पुण्यास जाऊन अभियंता झाला, नोकरीस लागला. आणि हल्ली घरून काम करण्याची सोय असल्यामुळे गेल्या ज्येष्ठात एक संगणक आणि दोन गिटारी घेऊन दोन-अडीच महिन्यांसाठी घरी आला.

ह्या दोन गिटारींपैकी एकही तो आमच्यासमोर वाजवीत नसे. विजेची गिटार घेऊन, कानांवर हेडफोन चढवून, तो माडीवरच्या खोलीत बसे. बोटे चालत, आणि बाहेर आवाज येत नसे. त्याला कारण आम्हीच होतो. ते कारण आधी सांगितले पाहिजे.

बाळ नववीत असताना त्याच्या वडिलांनी त्याला एक साधी गिटार आणून दिली. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब आहे. तेथील थोरला मुलगा चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी गिटार वाजवी, त्याच्याकडे हा शिकू लागला. वर्षभर आम्ही काही बोललो नाही. परंतु दहावीच्या पहिल्याच चाचणीत गणितात त्याचे गुण फार खाली आले. ज्या घरात आम्ही पस्तीस वर्षे गणिताच्या वह्या तपासल्या, त्या घरातील मुलाने त्रिकोणमितीत गटांगळ्या खाव्यात, हे आम्हाला स्वतःच्या अब्रूवर आल्यासारखे वाटले. आम्ही गिटार उचलली, माळ्यावर नेऊन ठेवली आणि माळ्याच्या दाराला कुलूप घातले. "परीक्षा झाली की मिळेल," एवढेच सांगितले. मुलगा रडला नाही, भांडला नाही. आठ महिने कुलूप राहिले. परीक्षेत गुण चांगले मिळाले, आणि आपण केले ते योग्यच केले, अशी आमची खात्री होऊन बसली. गिटार खाली काढली तेव्हा खाऱ्या हवेने तिच्या तारा तांबेरल्या होत्या. बाळने नव्या तारा चढविल्या. मात्र त्या दिवसापासून आमच्या कानांवर त्याने एकही स्वर पडू दिला नाही.

ह्यातली एक विसंगती आम्हाला फार उशिरा कळली. गिटार म्हणजे काहीतरी परके, आपल्या घराला न शोभणारे, असे आम्ही त्या वेळी बोलून गेलो होतो. आता, ज्या पेटीवाचून आमचे कोणतेही भजन होत नाही ती मुळात युरोपातून आलेली आहे. सारंगीशेजारी जाऊन बसलेले व्हायोलिनही तिकडचेच. इतकेच नव्हे, तर आमच्या घरात सर्वांत जास्त झिजलेली जी तबकडी आहे, ती 1967 सालची 'कॉल ऑफ द व्हॅली'. तीत शिवकुमार शर्मांचे संतूर आहे, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे, आणि तिसरे वाद्य ब्रिजभूषण काबरा ह्यांची गिटारच आहे! मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून दांडा सरकवून वाजविलेली असली, तरी गिटारच. ती ऐकत आम्ही तारुण्य काढले आणि पुतण्याची गिटार मात्र माळ्यावर ठेविली.

पुढे 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले. आमच्या भागात माड आणि विजेचे खांब सारखेच आडवे झाले, आणि कित्येक दिवस घरात वीज नव्हती. कोरोनामुळे बाळ तेव्हा घरीच होता. एके रात्री उकाड्याने झोप येईना म्हणून आम्ही उठलो, तो पडवीच्या दाराशी एक बारीक आवाज कानी आला. विजेवाचून ती गिटार जेमतेम कुजबुजत होती. परंतु स्वरांची एक सलग रेघ चढत होती आणि उतरत होती. पाऊस ओसरल्यावर कौलांच्या पागोळ्या गळतात, तेव्हा थेंब सुटासुटा असतो आणि तरीही धार लागल्यासारखी वाटते. तसे काहीसे ते होते. आम्ही दाराआड उभे राहून ऐकले आणि न बोलता परत येऊन निजलो. पुढे येऊन "छान वाजवतोस" असे म्हणण्याचा हक्क आपण गमावला आहे, असे त्या रात्री प्रथमच वाटले.

ती रेघ कित्येक वर्षे डोक्यात राहिली. अखेर गेल्या आषाढात, एका पावसाळी संध्याकाळी, चहा घेताना आम्ही धीर करून विचारले, "बाळ, वादळाच्या वेळी रात्री वाजवत होतास, ते काय होते?"

तो चमकला. थोड्या वेळाने म्हणाला, "स्वीप पिकिंग म्हणतात त्याला, काका."

"आम्हाला शिकवशील?"

त्याने आमच्याकडे असे पाहिले, की प्रश्न खरा आहे की आणखी एखादे कुलूप आहे, ह्याचा तो अंदाज घेत असावा. मग म्हणाला, "शिकवीन. पण तुम्ही गणित शिकवायचात तसे. एकही पायरी गाळायची नाही."

स्वीप म्हणजे झाडणे, हे ऐकताच सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "झाडण्याचाच सराव करायचा असेल तर खराटा दाराआड आहे. अंगण मोकळे आहे." गंमत अशी, की ह्या रीतीचे मर्म त्या वाक्यात बरेचसे आले आहे. खराटा मारताना आपण एकेका पानाला वेगळा फटका देत नाही. हात एकदा फिरतो आणि वाटेतली पाने आपोआप ओढली जातात. येथेही तसेच.

ज्यांनी गिटार हाती धरलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण करणे अवश्य आहे. गिटारीला सहा तारा असतात. उजव्या हातातील छोट्या पिकने त्या छेडावयाच्या आणि डाव्या हाताच्या बोटांनी दांडीवरील पडद्यांशी दाबावयाच्या. साध्या वादनात प्रत्येक स्वरास एक आघात असतो: एक खाली, एक वर. स्वीपमध्ये मात्र स्वर एकेका तारेवर एकेक असे मांडलेले असतात, आणि पिक एकाच दिशेने, एकाच हालचालीत, त्या सर्व तारांवरून उतरते. एक तार छेडून पिक पुढल्या तारेवर क्षणभर टेकते. तीच तिची पुढची पायरी. हाताला मागे यावे लागत नाही, म्हणून वेग येतो. बाळने आम्हाला फक्त शेवटच्या तीन पातळ तारा दिल्या. तिसऱ्या तारेवर अनामिका नवव्या पडद्याशी, दुसरीवर मध्यमा आठव्याशी, पहिलीवर तर्जनी सातव्याशी. पहिला स्वर षड्ज मानला, तर दुसरा कोमल गंधार आणि तिसरा पंचम होतो. मग त्याच पहिल्या तारेवर बाराव्या पडद्याशी करंगळी नुसती आदळावयाची, की आघातावाचून तार षड्ज बोलतो. करंगळी ओढून काढली की पुन्हा पंचम. आणि मग पिक उलट वर नेत गंधार व षड्ज. एवढाच धडा. कागदावर अर्ध्या ओळीचा.

आम्ही तरुणपणी दोन वर्षे सतार शिकलो होतो. त्यामुळे हे सहज साधेल, असा आमचा गैरसमज होता. प्रत्यक्षात सतारच आडवी आली. सतारीत मुख्य काम एकाच बाजाच्या तारेवर चालते, आणि 'दा' व 'रा' अशा बोलांनी प्रत्येक स्वरास नखीचा आपला असा आघात मिळतो. चाळीस वर्षे झोपलेली ती सवय जागी झाली. आमचा हात तीन तारांना तीन वेगळे फटके देऊ लागला. फटके देऊ नयेत म्हणून हात सैल सोडला, तर तो तिन्ही तारांवरून एकदम घसरे आणि तिन्ही स्वर एकमेकांत मिसळून जात. बाळ दोन्ही वेळा शांतपणे म्हणे, "पुन्हा, काका." हे शब्द पस्तीस वर्षे आम्ही दुसऱ्यांना ऐकविले होते. ते ऐकावयास कसे लागतात, हे आता कळले.

पिकचाही एक प्रसंग झाला. प्लास्टिकची ती चकती आमच्या घामट बोटांतून निसटे. सरोद वाजविण्याचा जवा नारळाच्या करवंटीचा करतात, हे आम्हाला ठाऊक होते; आणि मालवणात करवंटीला काय तोटा! आम्ही एक तुकडा कापून, दगडावर व मग पॉलिश कागदावर घासून, दोन दिवसांत आपली पिक तयार केली. पहिल्याच फेरीस ती दुसऱ्या तारेत अडकून बसली. कडा फार जाड राहिली होती. ती आणखी पातळ केल्यावर मात्र बाळने स्वतः वाजवून पाहिली आणि म्हणाला, "चांगली आहे. वाकत नाही. स्वीपला अशीच लागते." गिटारीच्या बाबतीत आमच्या वाट्यास आलेली ही पहिली शाबासकी.

मोबाइलवर मेट्रोनोम लावून, मिनिटास साठ ठोके, ठोक्यास एक स्वर, असा आमचा अभ्यास सुरू झाला. बाळ जेव्हा मिनिटास शंभर ठोके धरून ठोक्यास सहा स्वर काढी, तेव्हा सेकंदास दहा स्वर होत. म्हणजे तो आमच्या बरोबर दहापट. हिशेब फार सोपा होता. त्याने आनंद मात्र झाला नाही. तीन आठवड्यांत बोटांच्या टोकांस घट्टे पडले, आणि तरीही स्वर एकमेकांत मिसळावयाचे थांबेनात. मातोश्री ओटीवर जपमाळ घेऊन बसत. एके दिवशी माळ थांबवून त्या म्हणाल्या, "अरे, पंगतीला बसल्यावर तुम्ही तिघे भाऊ एकदम बोलायचात ना, तसे वाजते हे. कोण काय म्हणतो ते कळत नाही."

संगीताच्या कोणत्याही परीक्षकाने ह्याहून अचूक निदान केले नसते. बाळ हसला आणि त्याने दोष दाखविला. "काका, तुमचा उजवा हात आता बरा चालतो. दोष डाव्या हातात आहे. तुम्ही एकदा दाबलेले बोट सोडतच नाही. पहिला स्वर वाजला की त्या बोटाचे काम संपले. ते दाबूनच ठेवले तर तो स्वर पुढच्याच्या अंगावर बोलत राहतो."

आम्ही लगेच बोट उचलले. तार झणकारून उघडीच वाजली. गोंगाट आणखी वाढला.

"उचलायचे नाही," तो म्हणाला. "फक्त दाब काढायचा. बोट तारेवर टेकलेलेच राहू द्यायचे. म्हणजे तार गप्प होते, आणि पुढच्या स्वराला वाट मिळते."

दाब काढावा, परंतु बोट काढू नये: हे ऐकावयास जितके सोपे, तितकेच करावयास कठीण. दाबणे आम्हाला जमत होते. सोडून देणेही जमत होते. ह्या दोहोंच्या मधली जी अवस्था, ती आमच्या हाताला ठाऊकच नव्हती. त्या रात्री बाळने आपल्या विजेच्या गिटारीवर आम्हाला तोच धडा वाजवावयास लावला आणि ध्वनिवर्धकाचा आवाज मुद्दाम खरखरीत केला. साध्या गिटारीवर जो दोष झाकला जात होता, तो तेथे दहापट होऊन बाहेर आला. वहिनी "कोण पडले?" म्हणत धावत आल्या.

बाहेर पडता येत नसे, म्हणून संध्याकाळी बाळ आम्हाला ह्या रीतीचा इतिहास सांगे. 1950 च्या दशकात अमेरिकेतील बार्नी केसल, टॅल फार्लो ह्यांसारख्या जॅझ वादकांनी ती हाताळली. ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक गँबाले ह्याने तिला पद्धतशीर रूप दिले. स्वीडनच्या यंग्वी माल्मस्टीनची 'रायझिंग फोर्स' ही तबकडी 1984 साली निघाली, आणि तरुण वादक वेडे झाले. ह्या माल्मस्टीनचे दैवत म्हणजे एकोणिसाव्या शतकातील इटालियन व्हायोलिनवादक पागानिनी. व्हायोलिनवर गज एका ओढीत तारांवरून फिरतो आणि स्वर एकामागून एक झडतात. तेच काम आता पिक करू लागली. म्हणजे एका वाद्याने दुसऱ्याकडून उसने घेण्याचा व्यवहार तिकडेही आपल्यासारखाच चालतो, हे पाहून आम्हाला बरे वाटले.

एके रात्री त्याने जेसन बेकर ह्या अमेरिकन वादकाचे एक जुने चित्रण दाखविले. 1969 साली जन्मलेल्या ह्या मुलाची 'पर्पेच्युअल बर्न' ही स्वतंत्र तबकडी 1988 साली निघाली. चित्रणातला मुलगा कोवळा दिसतो, आणि हात असा फिरतो की तारांना त्याचे वजनच लागत नसावे. आम्ही थक्क होऊन पाहत असता बाळ म्हणाला, "ह्याला विशीतच एएलएस झाला." स्नायूंचे नियमन करणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मारणारा हा रोग. प्रथम हात गेले, मग चालणे, मग वाचाही गेली. डोळे तेवढे राहिले. त्याच्या वडिलांनी डोळ्यांच्या खुणांवरून अक्षरे ओळखण्याची एक रीत बसविली, आणि त्या रीतीने तो संगीतरचना करीत राहिला. 2018 साली त्याची 'ट्रायम्फंट हार्ट्स' ही तबकडी प्रसिद्ध झाली. हे सारे सांगून बाळ सहज म्हणाला, "हातांनी वाजवायला त्याला किती थोडे दिवस मिळाले, पाहा ना."

तो सहजच बोलला होता. परंतु आमच्या मनात लगेच वजाबाकी सुरू झाली, आणि तिच्यात आठ महिन्यांचा आकडा आला.

पुढच्याच आठवड्यात मोठी झड लागली आणि माळ्यावर गळू लागले. भांडी लावण्यासाठी आम्ही वर गेलो. कोपऱ्यात कौलांच्या डागडुजीतून उरलेल्या रिपा रचून ठेवल्या होत्या. त्या बाजूला सारताना एक हातभर रीप हाती आली, ती इतरांसारखी नव्हती. ती घासून गुळगुळीत केलेली होती, आणि तिच्यावर शिसपेन्सिलीने सहा उभ्या रेघा व बऱ्याच आडव्या रेघा आखल्या होत्या. उजेडात नेऊन पाहिली. गिटारीची दांडी! आडव्या रेघा म्हणजे पडदे. सातव्या, आठव्या, नवव्या आणि बाराव्या रेघेशी लाकूड बोटांच्या मळाने काळवंडले होते. कुलूप माळ्याला होते. माळ्याच्या भिंतीशी जी फट आहे, तिच्यातून ही रीप मागाहून आत सरकविली असावी.

आम्ही ती उलटी केली. मागे बारीक अक्षरांत आकडेमोड होती: 65 भागिले 17.817, बरोबर 3.65. मग 65 मधून ते वजा, बाकीस पुन्हा 17.817 ने भाग, 3.44. मग 3.25. अशा बारा पायऱ्या, एकही न गाळता. हे गणित आम्हाला ओळखू आले. गिटारीच्या एका पडद्यापासून पुढच्या पडद्यापर्यंत तारेची लांबी एकाच प्रमाणात घटत जाते; बारा वेळा घटली म्हणजे ती बरोबर निम्मी होते, आणि स्वर एका सप्तकाने चढतो. 17.817 हा भाजक त्याच प्रमाणातून येतो. शेवटच्या पायरीवर त्याने 32.5 लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. ताळा जमला होता. ज्या मुलाला गणितात कच्चा ठरवून आम्ही त्याची गिटार काढून घेतली, त्याने गिटारीवाचून राहवेना म्हणून भूमितिश्रेढी स्वतः सोडविली होती; आणि आमच्याच घरात राहून ते आम्हाला कधी दाखविले नव्हते. ओल्या माळ्यावर आम्ही किती वेळ बसलो, ते सांगता येत नाही. खालून सौ. नी हाक मारली तेव्हा भान आले.

संध्याकाळच्या शिकवणीस आम्ही ती रीप त्याच्यासमोर ठेविली.

"अजून आहे ही?" तो हसून म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. "काका, त्या आठ महिन्यांत माझा डावा हात तयार झाला. आवाज नव्हता, म्हणून चूकही ऐकू येत नव्हती. बरे वाटायचे."

हे ऐकून आम्हाला एक मोह झाला, तो लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पाहा, कुलपाने त्याचे भलेच झाले, असे म्हणून मोकळे व्हावे, असा तो मोह. परंतु खडकाच्या फटीतून माड उगवला म्हणून त्याचे श्रेय खडकाने घेऊ नये. आम्ही म्हणालो, "बाळ, अभ्यासाला बसविले ते ठीक होते. कुलूप घातले ते आमचे चुकले."

ह्या घरात वडीलधाऱ्याने धाकट्याला असे म्हटल्याचे आम्हाला आठवत नाही. आमचे वडील असे कधी म्हणाले नाहीत. त्यांना तसे वाटले नसेल, असे मात्र आता म्हणवत नाही. बाळने मान खाली घालून रिपेवरून एकदा बोट फिरविले. मग मेट्रोनोम पुढे ओढून म्हणाला, "साठवर लावू?"

त्या दिवसापासून आमचा डावा हात बदलला, असे म्हटले तर ते कादंबरीतले वाक्य होईल. तसे काही झाले नाही. बोट कधी दाबूनच राही, कधी तार सोडून उडे. फरक एवढाच, की आपण काय शिकत आहो हे आम्हाला उमगले होते. घरात मुलांवर आपला हात असावा, ह्याविषयी आमची आजही शंका नाही. परंतु तो हात कोणत्या क्षणी हलका व्हावयाचा, ह्याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. दाब काढला म्हणजे हातच निघून गेला, अशी आम्हाला धास्ती असते. म्हणून आम्ही दाबून धरतो, आणि त्या दाबाखाली पुढच्याचा स्वर कोंडतो. टेकलेला हात आणि दाबणारा हात, ह्यांत बाहेरून पाहणाऱ्यास काही फरक दिसत नाही. फरक कळतो तो तारेला.

नारळी पौर्णिमेच्या दिवशी मालवणात मोठी गर्दी असते. बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होतो, नारळ लढविण्याचे खेळ रंगतात. त्या सकाळी आम्ही घरातच होतो, कारण दोन दिवसांपासून हात काहीतरी निराळे करू लागला होता. साठ ठोके, ठोक्यास तीन स्वर. करवंटीची पिक तीन तारांवरून उतरली. करंगळी आदळली, निघाली. पिक वर आली. पुन्हा. पुन्हा. बाळ दाराशी उभा होता आणि नेहमीचे "पुन्हा, काका" म्हणत नव्हता. सेकंदास तीन स्वर. त्याच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्शालाही आम्ही पोचलो नव्हतो. पण थेंब सुटे पडत होते.

ओटीवर जपमाळ थांबली.

"आज तिघे वेगवेगळे ऐकू आले रे," मातोश्री म्हणाल्या. आणि थोडे थांबून, "मधला मात्र जरा दबून बोलतो."

बाळ मोठ्याने हसला. मधले बोट अजून कमी पडत होते, हे तर खरेच होते. आणि आम्ही तिघा भावांत मधले, हेही त्यांना ठाऊक होतेच.

गणपती झाल्यावर बाळ पुण्यास गेला. जाताना त्याने साधी गिटार आमच्याकडे ठेविली. ती आता ओटीच्या भिंतीवर टांगलेली असते. माळ्याचे कुलूप आम्ही काढून टाकले आहे, आणि ती रीप आमच्या टेबलावर आहे. दर रविवारी संध्याकाळी तो फोनवरून आमचा धडा ऐकतो. गेल्या रविवारी मेट्रोनोम सत्तरवर नेण्याची परवानगी मिळाली. मधला अजून दबूनच बोलतो. पण फोन ठेवण्यापूर्वी हल्ली तोही एखादा तुकडा वाजवून दाखवितो, आणि त्या वेळी त्याच्या कानांवर हेडफोन नसतात.